ड्रोनची बॅटरी कपाटात मरते

ड्रोन पडला की पहिला ठपका बॅटरीवर येतो. “तीस टक्के दाखवत होती आणि एकदम गेली,” हे ड्रोन उडवणाऱ्यांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. अहिल्यानगर जिल्ह्यात ड्रोनची नवलाई आता सरली आहे. हौस म्हणून उडवणारे आहेत, लग्नाचं चित्रीकरण करणारे आहेत, कॉलेजात सुटे भाग जोडून स्वतःचं यंत्र उभं करणारी पोरं आहेत आणि अलीकडे फवारणीचे ड्रोन चालवणाऱ्या बचत गटांच्या महिलाही आहेत. स्वतः उडवत, इतरांच्या तक्रारी ऐकत आणि बॅटऱ्या मोजत-तपासत काही वर्षं काढल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. बॅटरी एकदम जात नाही. हवेत आपल्याला दिसतो तो फक्त शेवट. त्याचं कारण दोन उड्डाणांच्या मधल्या दिवसांत, कपाटात, गाडीच्या डिकीत किंवा चार्जरवर घडून गेलेलं असतं. बॅटरी सांभाळणं म्हणजे उडवताना टक्क्यांवर नजर ठेवणं, एवढीच समजूत असेल तर ती अपुरी आहे. ड्रोन जमिनीवर असताना आपण काय करतो, यावरच बहुतेक सगळं ठरतं.

हे असं का, ते बॅटरीच्या पोटात काय चालतं यावरून कळतं. ड्रोनमधली लिथियम-पॉलिमर बॅटरी वजनाच्या मानाने भरपूर वीज साठवते आणि ती झपाट्याने मोकळी करते, म्हणून तर चार पंखे यंत्राला हवेत तोलून धरू शकतात. पण ज्या रसायनांमुळे हे जमतं ती स्वस्थ बसणारी नाहीत. एका सेलचं नेहमीचं व्होल्टेज ३.७ धरतात, पूर्ण भरल्यावर ते ४.२० होतं, काही प्रकारांत ४.३५ पर्यंत जातं. या वरच्या टोकाला सेलमधलं द्रव रसायन बॅटरी नुसती पडून असतानाही हळूहळू विघटित होत राहतं. त्यातून वायू तयार होतो, तो बाहेर पडायला वाट नसते आणि बॅटरी फुगते. सेलचा अंतर्गत रोधही वाढतो आणि उष्णतेने ही सगळी क्रिया आणखी वेग घेते. कॅनडातल्या कॅडेक्स कंपनीच्या ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या माहितीमालेत लिथियम बॅटरीबद्दल दिलेले आकडे बोलके आहेत. २५ अंश तापमानात वर्षभर ४० टक्के भरून ठेवलेली बॅटरी आपली ९६ टक्के क्षमता राखते. तीच पूर्ण भरून ठेवली तर ८० टक्केच उरते. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. या वर्षभरात बॅटरीने कोणतंही काम केलेलं नसतं. नुसतं चुकीच्या अवस्थेत पडून राहिल्याने तिची एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेलेली असते.

आता हे आकडे आपल्या जिल्ह्याच्या वर्षावर मांडून पाहा. एप्रिल-मे हा लग्नसराईचा आणि सुट्ट्यांचा काळ, म्हणजे ड्रोन सर्वांत जास्त बाहेर निघतो तो याच दिवसांत. नगर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या पट्ट्यात तेव्हा दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. हौशी मंडळींत सर्रास दिसणाऱ्या छोट्या ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत हवेच्या तापमानाची वरची मर्यादा ४० अंशच दिलेली असते आणि चार्जिंगसाठीही ५ ते ४० अंशांचीच मुभा असते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी आपण मुळातच बनवणाऱ्याने आखलेल्या रेषेपलीकडे असतो. त्यात वरात निघायला उशीर होतो, भरलेल्या बॅटऱ्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत राहतात आणि बंद गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं. एक बॅटरी संपवून गरमगरम उतरवायची आणि लगेच चार्जरला लावायची, हा घाईतला दुसरा प्रकार. मग पावसाळा येतो. जून ते सप्टेंबर ड्रोन कपाटात जातो आणि बॅटऱ्या ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत त्याच्याबरोबर आत जातात. शेवटचा कार्यक्रम रद्द झालेला असेल तर शंभर टक्के भरलेल्या, झालेला असेल तर दहा-बारा टक्क्यांवर आलेल्या. दसऱ्या-दिवाळीला कपाट उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसते किंवा चालूच होत नाही आणि आपण म्हणतो की न वापरताच खराब झाली. खरं तर न वापरण्याचा तो काळच तिच्यासाठी सर्वांत कठीण होता.

रिकामी ठेवण्याचा धोका भरलेली ठेवण्याहून वेगळा आहे आणि जास्त फसवा आहे. सेल ३ व्होल्टखाली बराच खोल गेला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्याची झीज सुरू होऊ शकते आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आत शॉर्ट सर्किट होण्याची भीती असते. ‘स्मार्ट’ बॅटरीत स्वतःचं छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तेही थोडी वीज खात राहतं. दहा टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी चार महिन्यांत तळाला जायला एवढं पुरतं. सुटे भाग जोडून केलेल्या ड्रोनची तीन सेलची बॅटरी हातात घेतली तर हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. तिच्या बाजूला चार पिनांचा छोटा पांढरा प्लग असतो. त्याला काडेपेटीएवढं तपासयंत्र लावलं की प्रत्येक सेलचा आकडा वेगळा दिसतो: ३.८२, ३.८१ आणि तिसरा ३.६४. बेरीज ११.२७ व्होल्ट, म्हणजे वरवर सगळं ठीक. प्रत्यक्षात तिसरा सेल मागे पडलेला आहे. उड्डाणात तोच सर्वांत आधी तळाला जाईल आणि बाकी दोघांत कितीही वीज शिल्लक असली तरी ड्रोन त्याच्याबरोबर खाली येईल. एका साखळीतले सेल एकमेकांची उणीव भरून काढत नाहीत. सगळे सेल सारख्या व्होल्टेजवर आणणारा बॅलन्स चार्जर वापरायचा तो यासाठीच, आणि तो बाजूचा प्लग न लावता घाईने चार्ज केलेली बॅटरी विश्वासाची राहत नाही तीही याच कारणाने.

टक्क्यांचा आकडा फसवतो तो इथेच. तो मोजलेला नसतो. व्होल्टेज, आतापर्यंतचा खर्च आणि तापमान यांवरून बांधलेला तो अंदाज असतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे विहिरीवरून चटकन उमगेल. सकाळी विहिरीत दहा फूट पाणी दिसतं, पण झरा आटत चालला असेल तर मोठी मोटर लावल्यावर अर्ध्या तासात फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो. मोटर बंद करून तासभर थांबलं की पाणी पुन्हा चढलेलं दिसतं. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला की तिचंही तसंच होतं. जमिनीवर पाहिलं तर ती भरलेली असते. हवेत वाऱ्याशी झुंजताना किंवा वेगाने वर चढताना मोटरी जास्त वीज मागतात आणि व्होल्टेज धाडकन बसतं. तीस टक्क्यांवरून एकदम सक्तीचं लँडिंग होतं ते असं. खाली आणून पाच मिनिटांनी पाहिलं तर बॅटरी पुन्हा वीस-पंचवीस टक्के दाखवते आणि आपण बुचकळ्यात पडतो. म्हणून बॅटरीचं खरं दुखणं भार असताना दिसतं. उड्डाण घेतल्यावर पहिलं मिनिट डोक्याच्या उंचीवर, समोरच थांबवून, रिमोटवरची काठी जराशी वर ढकलून व्होल्टेज किती बसतं ते पाहणं, एवढी एक तपासणी टक्क्यांकडे दहा वेळा पाहण्यापेक्षा जास्त सांगून जाते.

थंडी हीच परीक्षा दुसऱ्या बाजूने घेते. डिसेंबर-जानेवारीत अहिल्यानगरचं किमान तापमान राज्यातल्या नीचांकी नोंदींमध्ये अनेकदा असतं. पहाटेचं धुकं वरून फार सुंदर दिसतं, त्यामुळे याच वेळी उडवायचा मोह होतो. थंडीत सेलमधल्या रासायनिक क्रिया मंदावतात, रोध तात्पुरता वाढतो आणि पूर्ण भरलेली बॅटरीही पहिल्या चढाईत दम तोडते. रात्रभर पडवीत किंवा गाडीत राहिलेली बॅटरी थेट उडवू नये. ती घरात, कपड्यांत गुंडाळून, वीस अंशांच्या आसपास आणावी. अकोले तालुक्याच्या डोंगरात आणखी एक भर पडते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्के विरळ असते. विरळ हवेत तेवढंच वजन उचलायला पंखे जास्त वेगाने फिरावे लागतात, म्हणजे बॅटरीवर भार जास्त. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्य असल्याने तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवायचाच नसतो. परवानगी घेऊन जाणाऱ्यानेही मिनिटांचा हिशेब डोंगराचा करावा, घरच्या अंगणातला करू नये.

जाताना वारा जेवढं वाचवतो तेवढंच येताना खातो, हा वाऱ्याबद्दलचा गैरसमज तर साध्या गणिताने दूर होतो. पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. तिथे त्या उगाच उभारलेल्या नाहीत. या पठारावर वारा भरवशाचा आहे. समजा ड्रोन सेकंदाला १० मीटर वेगाने उडतो आणि वारा ६ मीटर वेगाने वाहतो आहे. वाऱ्याच्या दिशेने ५०० मीटर जायला त्याला सुमारे ३१ सेकंद लागतात. परत यायला १२५. अंतर तेच, वेळ चौपट आणि खर्चही जवळपास त्याच प्रमाणात. खोक्यावर छापलेली मिनिटं या जगातली नसतात. डीजेआय मिनी ३ साठी कंपनी ३८ मिनिटं सांगते, पण ती वारा नसताना, ताशी २१.६ किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने उडवून मोजलेली आहेत. बॅटरी संपत आल्यावर आपोआप घरी परतण्याची सोय असते खरी, पण परतताना ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि वर वारा बहुधा जास्तच असतो. त्यामुळे जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं, येताना वारा पाठीशी घ्यावा आणि मागे फिरायचा आकडा उडण्याआधीच ठरवून टाकावा. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांना मिळणाऱ्या संचात काय असतं, ते या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. त्यात वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आहे, जलद चार्जर आहेत आणि मूळ बॅटरी संचाबरोबर चार जादा संच आहेत, तेव्हा कुठे दिवसाला वीस एकरांपर्यंत काम होईल असा हिशेब मांडला आहे. ज्यांनी ही योजना आखली त्यांनी बॅटरी हा कामाचा कणा धरला. हौशी माणूस मात्र तिला ड्रोनबरोबर फुकट आलेला सुटा भाग समजतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आजच्या बॅटऱ्या हुशार आहेत, काही दिवस पडून राहिल्या तर स्वतःहून साठ टक्क्यांच्या आसपास उतरतात, चार्जर जास्त गरम बॅटरी घेतच नाही, मग माणसाने एवढं लक्ष का घालायचं? आक्षेपात तथ्य आहे आणि या सोयींमुळे अनेक बॅटऱ्या वाचतात हेही खरं. पण या हुशारीला मर्यादा आहेत. बॅटरी स्वतःला खाली उतरवू शकते, वर चढवू शकत नाही. रिकामी ठेवलेली बॅटरी ती वाचवू शकत नाही. उतरायला लागणारे दिवस ती भरलेल्या अवस्थेतच काढते, आणि ते दिवस मे महिन्यातले असतील तर नुकसान तेवढ्यातही होतं. तापलेल्या गाडीतून तिला सावलीत आणून ठेवणारं सर्किट अजून निघालेलं नाही. आणि सुटे भाग जोडून केलेल्या ड्रोनच्या बॅटरीत यातली कोणतीच सोय नसते. तिथे बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत आणणारं ‘स्टोरेज’चं बटण चार्जरवर असतं आणि ते दाबणारा माणूसच असावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बॅटरी मुळातच सदोष असेल, बनावट असेल, किंवा एखाद्या आपटण्याने आतून दुखावली असेल तर सांभाळणाऱ्याचा काय दोष? दोष नाही, हे मान्य. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे जुन्या यंत्रांसाठी बॅटरी शोधताना माणूस मिळेल ती घेतो, आणि वेष्टनावर छापलेली क्षमता किंवा वीज सोडण्याचा वेग सांगणारं ‘सी’ रेटिंग अनेकदा नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा अशा थाटाचं असतं. पण याच कारणाने नोंद ठेवणं जास्त गरजेचं ठरतं. प्रत्येक बॅटरीवर मार्करने क्रमांक आणि घेतल्याची तारीख टाकली, वहीत उड्डाणाची मिनिटं, उतरतानाचं व्होल्टेज आणि जमलं तर सेलचा रोध लिहिला, तर सदोष बॅटरी चार-दोन उड्डाणांतच उघडी पडते. नोंद नसेल तर तीच बॅटरी महिनोन् महिने चांगल्या बॅटऱ्यांत मिसळून राहते आणि एक दिवस ड्रोन घेऊन जाते. दोष कारखान्यातला असला तरी तो कुठे उघड व्हावा, टेबलावर की उसाच्या फडावर, हे आपल्या हातात असतं.

तिसरा आक्षेप मनाचा आहे: हौसेच्या गोष्टीत एवढा हिशेब घातला तर आनंद कुठे राहिला? मला हा आक्षेप कळतो, पण पटत नाही. आठवडाभर उडवणार नसू तर बॅटरी ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवणं, भरायची ती उडवायच्या आदल्या संध्याकाळी, जागेपणी आणि नजरेसमोर भरणं, उतरल्यावर ती थंड होईपर्यंत थांबणं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तपासणं आणि वहीत एक ओळ लिहिणं, एवढंच हे काम आहे. त्या बदल्यात हवेत असताना डोकं मोकळं राहतं. बॅटरीबद्दल साशंक असलेला माणूस पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडेच बघत बसतो. खालचं हिवरे बाजारच्या बांधबंदिस्तीचं रेखीव काम किंवा प्रवरेचं वळण त्याला नीट पाहताच येत नाही. हिशेब आधी झाला की पाहायला वेळ उरतो.

शिवाय हा प्रश्न एकट्याच्या हौसेपुरता नाही. आपल्याकडे ड्रोन मोकळ्या मैदानात पडेलच असं नाही. खाली बारा फूट उंचीचा ऊस असतो, कठडे नसलेल्या विहिरी असतात, मुळा धरणाचं पाणी असतं, आठवडे बाजार आणि लग्नाचा मांडव असतो. अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसात बिबट्याचा वावर आहे. पडलेल्या ड्रोनच्या मागे एकट्याने फडात शिरणं हा जिवाशी खेळ आहे. फेब्रुवारीनंतर डोंगरउतारावरचं गवत आणि शेतातलं पाचट इतकं वाळलेलं असतं की आदळून फुटलेली एक बॅटरी वणवा पेटवायला पुरेशी ठरू शकते. लिथियमची आग धुमसत राहते, तिचा धूर विषारी असतो आणि विझली असं वाटल्यावरही ती पुन्हा भडकू शकते. २०२१ च्या ड्रोन नियमांनी १२० मीटरची उंची, विमानतळ आणि लष्करी भागांजवळची बंधनं घालून दिली आहेत. काकडीचं शिर्डी विमानतळ आणि नगरचा लष्करी परिसर यांमुळे आपल्याला ती जवळून लागू होतात. पण बॅटरी किती जुनी असावी, कशी ठेवावी, हे हौशी उडवणाऱ्याला कोणी येऊन तपासत नाही. जिथे तपासणारा नाही तिथे जबाबदारी पूर्णपणे आपली असते.

त्या जबाबदारीत शेवटचं आणि सर्वांत अवघड काम म्हणजे बॅटरीला वेळेवर निवृत्त करणं. महागाची वस्तू टाकवत नाही, म्हणून फुगलेली बॅटरी दाबून खाचेत बसवण्याचे आणि “दहा मिनिटं तरी चालते ना” असं म्हणण्याचे प्रकार होतात. माझा नियम साधा आहे. सपाट काचेवर ठेवल्यावर बॅटरी डुलत असेल, एखादा सेल वारंवार मागे पडत असेल, किंवा नव्यात जेवढी मिनिटं मिळत होती त्यांच्या तीन चतुर्थांशही मिळत नसतील, तर ती उडवायची नाही. टोचून, ठोकून, दाबून ती सपाट करायची नाही. घंटागाडीच्या कचऱ्यातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळीच द्यायची आहे. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे जाईपर्यंत ती पूर्ण उतरवून, टोकांना चिकटपट्टी लावून, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवावी. नवा ड्रोन घेणाऱ्याला माझं सांगणं एवढंच आहे की जादा बॅटरी घेण्याआधी चांगला चार्जर, सेल तपासणारं यंत्र आणि एक वही घ्या. या तीन गोष्टी ज्याच्या टेबलावर आहेत, त्याला हवेत चमत्काराची वाट पाहावी लागत नाही.